उशी ही व्यक्ती नव्हे

४ ऑक्टोबर

अप्पा,

मायन्याच्या या दारिद्र्याबद्दल प्रथम क्षमा असावी. पूर्वी मी आपल्याला 'तीर्थरूप' लिहीत असे. न्यायालयाने आपल्या कन्येचा व माझा विवाह विधिवत विसर्जित केल्यापासून त्या शब्दावरील माझा हक्क शाबूत आहे की नाही, याविषयी कायदेपंडितही मौन बाळगून आहेत. 'माननीय महोदय' लिहून पाहिले. ते थकलेल्या वीजबिलाच्या स्मरणपत्रासारखे दिसू लागले. 'माजी श्वशुर' म्हणावे, तर आपण एखाद्या पदावरून पायउतार झाल्याचा भास होतो. अखेर स्टेडियमच्या पूर्व स्टँडमधली आपली सगळी रांग आपल्याला ज्या नावाने हाक मारते, त्याच नावाचा आश्रय घेतला आहे. रांगेतला माणूस म्हणून तेवढा अधिकार मला असावा.

आपल्या खुब्याचे हाड सांधले, आपण काठी टेकत खिडकीपर्यंत जाऊ लागलात आणि तिथून खालच्या लोकांच्या गाडी लावण्याच्या पद्धतीवर टीकाही सुरू केलीत, हे शुभवर्तमान आपल्या जुन्या बेकरीशेजारच्या औषधवाल्याकडून कळले. ऐकून मी जो निःश्वास सोडला तो इतका दीर्घ होता, की दुकानातल्या वजनकाट्यावर उभ्या असलेल्या एक बाई दचकून खाली उतरल्या. आपण टीका करू लागलात, म्हणजे प्रकृती मूळपदावर आली. बाकी तपासण्या डॉक्टरांच्या समाधानासाठी.

आता पत्राचे प्रयोजन. आपल्या क्लबने या हंगामापासून 'आसन-उपयोग विभाग' नावाचे एक नवे खाते उघडले आहे. सीझन तिकिटासाठी ताटकळणाऱ्यांची यादी वाढत गेली, काही धारक आपली कार्डे परस्पर विकू लागले, काहींच्या खुर्च्यांचा उपभोग हंगामभर केवळ कबुतरांनी घेतला. म्हणून हे खाते. फाटकावर कोणते कार्ड कोणी टेकवले आणि खुर्चीवर प्रत्यक्ष कोण बसले, याचा ताळा कॅमेऱ्यांच्या साहाय्याने घेतला जातो. खुर्ची रिकामी राहिली किंवा परक्याच्या हाती गेली, की तिकीट रद्द, आणि खुर्ची यादीतल्या पुढच्या माणसाला.

अशी एक नोटीस आपल्या नावाने आली आहे. आपल्या बंद घराचे सारे टपाल पोस्टमन माझ्याकडेच टाकतो. न्यायालयाच्या निकालाची प्रत त्याला अद्याप कोणी दाखवलेली नाही.

धोका दोन्ही खुर्च्यांना आहे. आपल्या खुर्चीच्या वापराविषयी विभागाला काही शंका आहे. ती क्षुल्लक असल्याने तपशिलात शिरत नाही. माझी खुर्ची तर मुळात आपल्याच तिकिटाला जोडलेली. लग्नाच्या वर्षी आपण कुटुंबीयांच्या यादीत माझे नाव घालून मला आपल्या डाव्या हाताला बसवलेत, तेव्हापासून मी तिथे आहे. आपली खुर्ची गेली, की माझीही गेली.

आपण फक्त एक ओळ पाठवावी: 'कार्ड माझ्या संमतीने वापरले जात आहे.' संमती आहे, असे मी गृहीत धरले आहे. हे शहर सोडून कन्येकडे राहायला जाताना आपण कार्ड आणि आपली उशी माझ्या दाराशी ठेवून गेलात. बेल वाजवली नाहीत. त्या कृतीचा अर्थ 'सांभाळ' असा होतो, की 'आता आपला काही संबंध नाही' असा होतो, याविषयी मी कोणतेही मत बनवलेले नाही. म्हणजे दोन बनवली आहेत. सकाळी एक असते, संध्याकाळी दुसरे.

संघाची स्थिती: बचावफळी आपल्या बेकरीच्या भाषेत सांगायचे तर अजून फुगलेलीच नाही, आणि कोच दर पाच मिनिटांनी ओव्हन उघडून बघतो आहे.

आपला,
पूर्व स्टँड, आपल्या डाव्या हाताला


१९ ऑक्टोबर

अप्पा,

आपली ओळ आली नाही. टपालखात्याच्या अकार्यक्षमतेवर माझी नितांत श्रद्धा असल्याने मी अन्य कोणताही निष्कर्ष काढलेला नाही.

दरम्यान आसन-उपयोग विभागाचे दर्शन घेऊन आलो. स्टेडियमच्या तळमजल्यावर, खेळाडूंचे कपडे धुण्याच्या खोलीला लागून त्याचे दालन आहे. भिंतीवर गेल्या हंगामाच्या संघाचे भव्य छायाचित्र. ज्या कर्णधाराने मध्येच प्रतिस्पर्ध्यांशी करार केला, नेमक्या त्याच्या तोंडावर कॅलेंडर टांगलेले. पलीकडून वॉशिंग मशीनची अखंड घरघर. या वातावरणात एक तरुण तपासनीस बाई बसतात.

"बसा काका," त्या म्हणाल्या. पन्नाशीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाला या संबोधनाने किती वेगाने आत ढकलले जाते, याची त्यांना कल्पना नसावी. "दोन भानगडी आहेत. आधी सोपी घेऊ. हा अर्ज तुम्हीच भरलात?"

अर्ज माझाच होता. दर हंगामापूर्वी येतो तो. त्यावर छापलेले असते: 'धारकाशी नाते: जावई. बदल नसल्यास सही करावी.' मी 'जावई' या शब्दावर एक सरळ रेघ ओढून वर सुवाच्य अक्षरात 'माजी जावई' असे लिहिले होते.

"कुणी विचारलं होतं का, काका?"

"विचारलं नव्हतं. पण खाली सही करायची होती."

"मग करायची ना! सगळे करतात."

"मी लिफ्ट इन्स्पेक्टर आहे."

"त्याचं काय?"

"दोर बघितल्याशिवाय मी सही करत नाही. आणि हा दोर कापल्याचा कोर्टाचा कागद माझ्याच कपाटात आहे."

त्यांनी कपाळाला हात लावला. "तुमच्यामुळे आमचं सॉफ्टवेअर अडकलंय. त्यात जावई आहे, मेहुणा आहे, मानलेला भाऊसुद्धा आहे. माजी कुणीच नाही. दर सोमवारी ते लाल होतं आणि मला मेल पाठवतं."

आजवर लोकांच्या चढउताराची जबाबदारी निष्ठेने वाहिलेल्या माणसाला पाहून एखाद्या यंत्राने लाल व्हावे, हे क्लेशदायक आहे. पण अप्पा, आपणच सांगा, मी दुसरे काय लिहायला हवे होते?

दुसरी भानगड आपल्या कार्डाची. मागील पत्रात जिला मी क्षुल्लक म्हटले ती शंका अशी: आपण गेल्यापासून आपले कार्ड प्रत्येक घरच्या सामन्याला फाटकातून आत जाते. ते नेणारी व्यक्ती म्हणजे आमचा लिफ्ट मेकॅनिक. आपण त्याला ओळखता. बेकरीच्या मालवाहू लिफ्टमध्ये अडकलेले पावाचे ट्रे त्यानेच सोडवले होते. फुटबॉलविषयी त्याचे मत असे, की एका बॉलसाठी एवढी झोंबाझोंबी कशाला, प्रत्येकाला एकेक आणून द्या आणि घरी जा. केवळ माझ्या भिडेखातर तो आत येतो, जिन्याखाली चहाच्या काउंटरपाशी बाकावर बसतो आणि शेवटच्या शिटीपर्यंत झोपतो. खुर्ची 'वापरात' दिसावी, एवढाच हेतू. बाईंनी त्याच्या निद्रेची छायाचित्रे मला क्रमवार दाखवली.

"हे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे रिटायर्ड बेकर का?"

"नाही."

"मग हे कार्डावर आत आले ते आले, खुर्चीवर का नाही बसले?"

त्यांना उंचीची भीती वाटते, असे मी म्हणालो. लिफ्ट मेकॅनिकविषयी असे विधान करू नये, हे माझ्या लक्षात वाक्य संपायच्या आत आले होते. पण तोवर ते निघून गेले होते.

यानंतर बाईंनी माझी स्वतःची काही छायाचित्रे दाखवली. ती प्रस्तुत विषयाशी असंबद्ध आहेत.

सुनावणी दहा नोव्हेंबरला आहे. धारकाने स्वतः येऊन निवेदन करावे, असा नियम आहे. आपली प्रकृती पाहता लेखी ओळीवर भागवावे, असा अर्ज मी केला आहे.

आणखी एक विनंती. या पत्रव्यवहाराची वार्ता आपल्या कन्येच्या कानी जाऊ नये. ती म्हणेल, "अजून डिक्शनरी गिळून बसलाय." तसेच प्रकृतीच्या नावाखाली ती आपल्याला तिचे ते सूप पाजत असेल, तर माझा जुना उपाय निःसंकोच वापरावा: खिडकीतली कुंडी. आमच्या घरचे लिंबाचे झाड त्याच कारणाने गेले. दोष मातीला मिळाला.

आपला,
पूर्व स्टँड, आपल्या डाव्या हाताला (तूर्त)


२८ ऑक्टोबर

अप्पा,
आणि हे पत्र मोठ्याने वाचून दाखवणारी व्यक्ती,

नमस्कार. दोघांनाही, वेगवेगळे.

काल एक पोस्टकार्ड मिळाले. अक्षर ओळखीचे होते. विजेचा धक्का बसावा तसा मी ते हातात धरून जिन्यातच उभा राहिलो. मजकूर उद्धृत करतो, म्हणजे वाचिकेला आपण काय लिहिले ते आठवेल:

'अप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ऑपरेशन पुढच्या महिन्यात. तोवर पत्रं मी वाचून दाखवते. शब्द सोपे लिही, कारण तू "विधिवत विसर्जित" वगैरे लिहिलंस की ते हसतात आणि हसले की खुबा दुखतो. सूप कळलं. लिंबाचंही कळलं. अप्पा विचारतात, उशी कुठाय? आणि मी विचारते, फोटो कसले? तू असंबद्ध म्हणतोस तेव्हाच काहीतरी असतं.'

प्रथम एक गोष्ट नोंदवतो. अप्पा हसतात, हे वाचून मी जिन्याच्या पायरीवर बसलो. वरच्या मजल्यावरच्या आजींनी विचारले, चक्कर आली का? मी म्हटले, नाही, आली होती ती गेली. आपला राग असता तर आपण हसला नसता. निदान खुबा दुखेपर्यंत नसता.

लिंबाच्या झाडाबद्दल वाचिकेने जी काही शिक्षा ठरवली असेल, ती मान्य.

आता उशी. ती माझ्याकडे आहे आणि सुखरूप आहे. सासूबाईंनी मैद्याच्या पोत्याच्या कापडातून ती शिवली, तिच्यावर गिरणीचा निळा शिक्का अजून पुसट दिसतो, आणि ती मी धुतलेली नाही. प्रत्येक सामन्याला ती बरोबर नेतो. आपल्या खुर्चीवर ठेवतो.

मेकॅनिक उंचीला घाबरत नाही. पहिल्या सामन्याला तो सरळ आपल्या खुर्चीपाशी आला होता. मी म्हणालो, "ही भरलेली आहे." त्याने उशीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, "बरं साहेब," म्हणाला आणि चहा प्यायला गेला. त्यानंतर त्याने या विषयावर एकही प्रश्न विचारलेला नाही. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाशीही तो असाच, कमी बोलतो.

आणि छायाचित्रे. वाचिकेने हा परिच्छेद हळू वाचावा, किंवा वाचूच नये.

त्यांत मी आहे आणि उशी आहे. एकात मी उशीकडे वळून ऑफसाइड समजावून सांगतो आहे. दुसऱ्यात गोल झाल्यावर मी तिच्यावर थाप मारली आहे. तिसऱ्यात तिच्याशी माझा मतभेद झालेला दिसतो. तपासनीस बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवून विचारले, "काका, कुणाशी बोलताय?"

"स्वगत," मी म्हणालो. "जुना प्रकार आहे."

"मग शेंगदाण्याच्या पुड्या दोन का?"

  बाईंनी स्क्रीन हळूच परत स्वतःकडे वळवली, आणि "पाणी देऊ का?" असे विचारले.

आपली कन्या व मी का वेगळे झालो, हे आपण मला कधी विचारले नाही. कोणी कोणाला फसवले नाही, अप्पा. एकाच खोलीत बसून आम्ही वेगवेगळ्या गोष्टींवर हसू लागलो होतो, एवढेच. मग एकेकटेच हसणे दोघांनाही ऐकवेना. (वाचिकेला यात दुरुस्ती करायची असल्यास समासात करावी.) पण आपण आणि मी कधीच वेगळ्या गोष्टींवर हसलो नव्हतो. त्यामुळे निकालानंतरच्या त्या अख्ख्या हंगामात आपण माझ्या शेजारी बसून पंचाखेरीज कोणाविषयीही एक शब्द बोलला नाहीत, तेव्हा काय चालले आहे ते मला कळेना. तेवढ्यात उशी दाराशी आली.

सुनावणीचे मी ठरवले आहे. लेखी ओळ चालणार नाही, असे विभागाने कळवले. आपण येऊ नये. प्रवास लांबचा आहे, खुबा नवा आहे, आणि आपल्या स्टँडची लिफ्ट तर 'दुरुस्तीसाठी बंद' ही पाटी अंगावर घेऊन केव्हाची उभी आहे. आलात तरी खुर्चीपर्यंत पोहोचणार नाहीत. माझा प्रस्ताव असा: जी खुर्ची मला जावई म्हणून मिळाली ती मी सोडतो, कारण ते पद माझ्याकडे राहिलेले नाही. त्या बदल्यात क्लबने आपली खुर्ची आपल्या नावावर राखावी. समितीसमोर हे सांगण्यासाठी मी एक छोटे निवेदन तयार केले आहे. चार भागांत आहे.

आपला,
अजून तिथेच


११ नोव्हेंबर

अप्पा (आणि वाचिका),

काल आपण कानाचे यंत्र विसरून आलात, त्यामुळे आपण स्वतः जे बोललात त्याखेरीज आपल्याला फारसे काही ऐकू आलेले नाही. आणि वाचिका गाडीतच बसून राहिल्या, त्यामुळे त्यांना तेही नाही. सबब संपूर्ण वृत्तान्त सादर करतो.

दालनात तपासनीस बाई होत्या, आणि समितीचे अध्यक्ष म्हणून क्लबचे एक निवृत्त गोलरक्षक. त्यांच्या दहाही बोटांचे दहा दिशांना तोंड आहे. मी उभा राहून निवेदनाच्या पहिल्या भागात होतो, 'आसन' या संकल्पनेच्या उगमापाशी, तोच दार उघडले. आधी काठी आत आली, मागून आपण.

"आवाज त्याचाच ना?" आपण विचारलेत. "मग मी आधी बसतो. वेळ लागेल."

आपण येऊ नये, असे मी स्पष्ट लिहिले होते. तो परिच्छेद वाचिकेने वाचताना गाळला, हे मला नंतर समजले. माझ्या लेखनाचे एवढे अचूक संपादन आजवर कोणी केलेले नाही.

बसल्याबरोबर आपण अध्यक्षांकडे डोळे बारीक करून पाहिलेत. "तुम्ही ते ना, ती पेनल्टी सोडलीत ते?"

अध्यक्ष दचकले. "फार जुनी गोष्ट झाली हो. वारा होता त्या दिवशी."

हे आपल्याला ऐकू आले नाही, तरी आपले उत्तर नेमके बसले: "वारा होता म्हणून सांगू नका. वारा दोन्ही टीमना होता."

अध्यक्षांनी मान खाली घातली. त्या क्षणापासून सुनावणी कोण चालवत होते, याविषयी माझ्या मनात संदेह राहिला नाही.

बाई आपल्या कानाशी वाकून म्हणाल्या, "आजोबा, हे तुमचे कोण?"

"जावई."

"पण यांनी स्वतःच 'माजी' लिहिलंय!"

"काय लिहिलंय?"

"माजी! माजी जावई!"

आपण माझ्याकडे पाहिलेत. ट्रे करपल्यावर कारागिराकडे पाहायचात, तसे. "लिहू दे की. त्याला लिहायचा नादच आहे. अहो बाई, सासरा होताना मला कुणी विचारलं नव्हतं. पोरीनं एक दिवस याला आणून समोर उभा केला, म्हणाली हाच. ठीक आहे म्हटलं. आता ती म्हणाली नको. तिचं ती बघेल. पण मी कुठं काय म्हणालोय?"

पलीकडचे वॉशिंग मशीन नेमके तेव्हाच थांबले. मी छताकडे पाहू लागलो. छताला एका कोपऱ्यात ओल आहे, हे माझे निरीक्षण पूर्णपणे व्यावसायिक होते.

यानंतर अध्यक्ष जे बोलले ते आपल्याला ऐकू गेले नाही, म्हणून अक्षरशः देतो: "नियम एवढाच आहे. यादीत कोण ठेवायचं ते धारकानं ठरवायचं, आणि स्वतः येऊन सांगायचं. नातं खरं की खोटं ते बघायला आमच्याकडे कॅमेरा नाही." बाईंनी एक कळ दाबली, स्क्रीनकडे पाहिले, आणि सुस्कारा सोडून म्हणाल्या, "हिरवं झालं एकदाचं."

खुर्च्या राहिल्या, अप्पा. दोन्ही.

ताकीद मात्र मिळाली. ती लेखी आहे आणि भाषा माझ्या तोडीची आहे: 'उशी ही व्यक्ती नव्हे. आसनावर यादीतील व्यक्ती प्रत्यक्ष बसलेली असावी. अन्यथा तिकीट रद्द करण्यात येईल.' मेकॅनिकचे नाव यादीत घालायला आपण संमती दिलीत, तो संवादही वाचिकेसाठी नोंदवतो.

"त्याला फुटबॉल आवडतं का रे?"

"नाही!"

"मग बसू दे. आवडणारे फार डोकं खातात."

हे म्हणताना आपण माझ्याकडे पाहिले नाहीत, हा आपला सुसंस्कृतपणा.

बाहेर मार्गिकेत मी आपल्याला बेलविषयी विचारले. पहिल्यांदा ऐकू गेले नाही. दुसऱ्यांदा मी इतक्या मोठ्याने विचारले, की कपडे धुणाऱ्या बाई साबणाच्या हातांनी बाहेर आल्या. आपले उत्तर त्यांनीही ऐकले.

"बेल वाजवली असती तर तू चहा केला असतास. चहावर भाषण केलं असतंस. मग मी रडलो असतो. खाली गाडी उभी, पोरगी हॉर्न वाजवतीये. कशाला ते?" मग काही पावले चालून, काठी भिंतीला टेकवून: "बायकोनं शिवलेली उशी कुणी परक्याच्या दाराशी ठेवतं का रे?"

माझी सकाळची व संध्याकाळची दोन्ही मते त्या मार्गिकेत निकालात निघाली. काल रात्री आडवा झालो तो सकाळीच उठलो. मत बनवण्यासारखे काही उरलेच नव्हते.

आपल्याला गाडीत बसवताना वाचिकेने काच खाली केली. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "बारीक झालास."

"जिने चढतो."

"लिफ्ट इन्स्पेक्टर असून?"

"म्हणूनच."

आम्ही दोघे हसलो. एकाच गोष्टीवर. यावरून कोणीही कसलेही तर्क बांधू नयेत. वाचिका बांधणार नाहीत, आपण बांधाल, म्हणून आपल्यासाठी लिहिले. मग त्या म्हणाल्या, "लिंबाचं नवीन झाड पाठव. कुंडीसकट." पाठवतो आहे.

आपला,
डाव्या हाताला (कायम)


२ डिसेंबर

तीर्थरूप अप्पा,

औषधवाल्याने सांगितले, दोन्ही डोळे नीट झाले. तेव्हा हे पत्र तुम्ही स्वतः वाचत असाल. अक्षर मोठे काढले आहे आणि शब्द छोटे. वाचिकेला विश्रांती.

काल सामना झाला. आपण जिंकलो, पण ते तुम्ही रेडिओवर ऐकलेच असेल. जे रेडिओवर नव्हते ते सांगतो.

मेकॅनिक तुमच्या खुर्चीवर बसला. उशीवर नाही. "मोठ्यांच्या उशीवर कसा बसू, साहेब?" म्हणाला, आणि ती मांडीवर घेऊन बसला, दोन्ही हातांनी धरून. पहिला अर्धा वेळ त्याने समोरच्या छताचे नटबोल्ट बघितले. दुसऱ्या अर्ध्यात समोरच्या संघाचा तो उंच पोरगा गोल करून नाचायला लागला, तेव्हा हा उभा राहिला, उशी वर धरली आणि ओरडला, "अरे, तो आधीच पुढं उभा होता!" पंचाने गोल नाकारला. आपली सगळी रांग वळून त्याच्याकडे बघत राहिली. मी त्याला विचारले, तुला ऑफसाइड कुणी शिकवलं? तर म्हणाला, "तुम्हीच की. हंगामभर उशीला सांगत होता. खाली जिन्यात सगळं ऐकू येतं."

शेंगदाण्याच्या पुड्या दोनच घेतल्या होत्या. पुढच्या वेळी तीन घेईन.

आता महत्त्वाचे. पूर्व स्टँडची लिफ्ट सुरू झाली. क्लबच्या मागे लागून, मेकॅनिकला घेऊन दोन रविवार तिच्यात घातले. दोर नवे आहेत. ब्रेक ठीक आहे. दार बंद होताना काठी मध्ये आली तर थांबते. मेकॅनिकची छत्री घालून बघितले. वर जाताना किंचित हादरा बसायचा, तो काढायला लावला, तुमच्या खुब्यासाठी. लिफ्टमधून बाहेर पडलात की आपली रांग सरळ समोर आहे, एकही पायरी नाही.

मी न तपासता सही करत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. लिफ्टच्या कागदावर केली आहे. इथेही करतो.

हंगामाच्या शेवटच्या घरच्या सामन्याला या. मेकॅनिक म्हणतो, तो त्या दिवशी आनंदाने खाली झोपेल.

तुमचा जावई